पाचही कोंबेच

१९८६च्या महाशिवरात्रीला जत्रेतून मी पाच पिल्लं आणली. दोन गुलाबी, दोन हिरवी, एक जांभळं. नऊ वर्षांची होते. बांबूच्या मोठ्या पाटीत शेकडो पिल्लं चिवचिवत होती आणि खाऊचे सगळे पैसे मी त्या पाटीपुढे रिकामे केले. घरी आल्यावर आजीने कपाळाला हात लावला नाही की रागावली नाही. तिने डालगं काढलं, त्यावर गोणपाट टाकलं, शेजारी कंदील ठेवला आणि पिल्लं उबेला ठेवली. पाचही जगली. अशी रंगीत पिल्लं आठवडाभरही टिकत नाहीत असं सगळे म्हणायचे, त्यामुळे आजीच्या हाताचं वाडीत कौतुक झालं.

आजीचा हिशेब सरळ होता. पाचांत निदान दोन तलंगा निघतील, पुढच्या पावसाळ्यापर्यंत अंड्यांवर येतील. दुसऱ्या महिन्यात रंग उडाला, खालून पांढरी पिसं आली, डोक्यावर लाल तुरे दिसू लागले. एका सकाळी आजी डालग्यापाशी उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, “पाचय कोंबेच गो! एक तलंग नाय.”

तिला हे फार लागलं. कारण कोंबडा की तलंग हे ओळखण्यात तिचा हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं. रवण घालायची असली की ती अंडी एकेक करून उन्हात धरायची. लांबट आणि टोकदार अंडं कोंब्याचं, ते खायला. गोलसर अंडं तलंगेचं, ते खुडूक कोंबडीखाली. अंडी नऊ किंवा अकरा, जोडीची संख्या कधी नाही. एकवीस दिवसांनी पिल्लं निघायची आणि तीन महिन्यांनी त्यांतली साधारण निम्मी आरवायची. मग आजी म्हणायची, एखादं टोकदार अंडं नजर चुकवून गेलं असेल.

पुढे कितीतरी वर्षांनी वाचनात आलं की हा वाद आमच्या परड्यापुरता नव्हता. अॅरिस्टॉटलने इसवी सनाच्या चार शतकं आधी लिहून ठेवलंय की लांब, टोकदार अंड्यातून मादी निघते आणि गोल अंड्यातून नर. पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोल्युमेला नेमकं उलटं सांगतो: कोंबडे हवे असतील तर लांब, टोकदार अंडी बसवा, कोंबड्या हव्या असतील तर गोल. माझी आजी कोल्युमेलाच्या बाजूची. दोन हजार वर्षं, दोन समुद्र आणि अक्षरओळख नसलेली एक बाई, तरी मत तंतोतंत तेच. रोमचीच आणखी एक गोष्ट आहे. लिव्हिया नावाची एक रोमन बाई गरोदर असताना मुलगा होईल का हे बघण्यासाठी तिने कोंबडीखालचं अंडं काढून घेतलं आणि ती व तिच्या दासी आळीपाळीने ते हातात उबवत राहिल्या. त्यातून छान तुऱ्याचा कोंबडा निघाला. इ.स.पू. ४२ मध्ये तिला मुलगा झाला, तो पुढे सम्राट झालेला तिबेरियस.

अंड्याच्या आकारावरून काही कळू शकत नाही, याचं कारण फार सुंदर आहे. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, पक्ष्यांत ते आईकडून ठरतं. कोंबड्याकडे लिंग ठरवणारी दोन सारखी गुणसूत्रं असतात, कोंबडीकडे दोन वेगळी. त्यांतलं कोणतं बलकाबरोबर जाणार हे कवच चढण्याच्या कितीतरी आधी ठरून जातं. नंतर वीसेक तास कवच बनत राहतं. ते गोल होईल की लांबट हे कोंबडीच्या अंडनलिकेवर अवलंबून, आतल्या जिवाशी त्याचा संबंध नाही. वाडीत तलंगा कमी निघाल्या की कोंबडा बदलायचे. त्या बिचाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं.

अंड्यातून निघालेल्या पिल्लाकडे बघून कोंबडा-कोंबडी सांगण्याची पहिली पक्की वाट केंब्रिजमध्ये सापडली. रेजिनाल्ड पनेट हा आनुवंशशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये धान्याची ओढ होती आणि नको असलेल्या कोंबड्यांना महिनोन्महिने खाऊ घालणं परवडत नव्हतं. पनेटने सांगितलं की पिसांचे काही रंग लिंगाच्या गुणसूत्राबरोबरच जातात, त्यांचा उपयोग करा. पट्टेदार कोंबडीला काळा कोंबडा लावला की नर पिल्लांच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो, मादी पिल्लांच्या येत नाही. तांबूस कोंबडा आणि चंदेरी-पांढऱ्या जातीची कोंबडी अशी जोडी जमवली तर मुली तपकिरी आणि मुलगे फिकट पिवळे. १९२९ साली पनेट आणि मायकेल पीज यांनी कॅम्बार नावाची जातच तयार केली, जिच्यात पिढ्यानपिढ्या पिल्लाच्या रंगावरून ओळख पटते.

पण जगातल्या अंड्यांच्या धंद्यातली मोठी जात म्हणजे पांढरी लेगहॉर्न, आणि तिची पिल्लं सगळी सारखीच पिवळी. तिथे रंगाचा उपाय चालेना. तिथे जपान आला.

किओशी मासुई आणि त्यांचे सहकारी १९२०च्या दशकात एका दिवसाच्या पिल्लांच्या गुदद्वाराच्या आतल्या कडेचा अभ्यास करत होते. तिथे नर पिल्लाला टाचणीच्या डोक्याहून लहान असा एक उंचवटा असतो. मादीला बहुधा नसतो, पण पुष्कळ माद्यांनाही तसंच काहीतरी असतं आणि सगळी अडचण तिथे आहे. उंचवटा आहे की नाही एवढं बघून भागत नाही. तो कसा आहे, घट्ट की सैल, गोल की चपटा, चकचकीत की मंद, हे पाहावं लागतं आणि तेही पिल्लाला न दुखावता. १९२७ मध्ये ओटावाच्या जागतिक कुक्कुट परिषदेत हे काम जगापुढे आलं, १९३३ मध्ये मासुई आणि हाशिमोतो यांचं इंग्रजी पुस्तक आलं, आणि जपानी तज्ज्ञ कॅनडा-अमेरिकेच्या उबवणी केंद्रांत जाऊ लागले.

काम असं: डोळ्यांसमोर प्रखर दिवा. डाव्या हातात पिल्लू, बोटाने पोट हलकेच दाबून विष्ठा काढून टाकायची, अंगठ्याने गुदद्वाराची घडी उघडायची, बघायचं, आणि पिल्लू या पेटीत किंवा त्या पेटीत. मुरलेला माणूस तासाला आठशे ते बाराशे पिल्लं बघतो आणि शंभरांत दोनहून जास्त चुकत नाही. म्हणजे एका पिल्लाला जेमतेम तीन-चार सेकंद.

हे शिकवायचं कसं? शिकणाऱ्याने बघून सांगायचं, गुरूने बरोबर की चूक एवढंच म्हणायचं. असे महिनेच्या महिने. एक दिवस हाताला आणि डोळ्याला कळू लागतं, पण काय कळलं ते सांगता येत नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी याचा छडा लावायचा प्रयत्न केला. त्यांनी पन्नास वर्षांत साडेपाच कोटी पिल्लं पाहिलेल्या एका जाणकाराला गाठलं, नेमकं कुठे आणि कोणता आकार बघायचा ते त्याच्याकडून काढून घेतलं आणि एका कागदावर उतरवलं. अवघड फोटोंवर नवख्यांचा अंदाज साठ टक्के बरोबर यायचा, तो कागद वाचल्यावर चौऱ्याऐंशीवर गेला. मला या प्रयोगाचं फार अप्रूप वाटतं. आजी पिल्लू हातात घेऊन “ह्यो कोंबो” म्हणायची तेव्हा मी “कशावरून?” विचारायचे आणि ती “दिसता ना” एवढंच म्हणायची. तिच्यापाशी तो कागद घेऊन कुणी बसलं नाही.

१९३७ साली एस. जॉन निट्टा यांनी पेनसिल्व्हेनियातल्या लान्सडेल गावी या कामाची शाळा काढली. अमेरिकेत जन्मलेल्या जपानी मुलांना नोकऱ्या सहज मिळत नव्हत्या. हा धंदा त्यांचा झाला. १९४२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा यांतल्या काहींना उबवणी केंद्रांतल्या कामासाठी बाहेर पडता आलं. देश ज्यांच्यावर विश्वास ठेवत नव्हता, त्यांच्या डोळ्यांवाचून त्याच देशाचं अंडं चालत नव्हतं. पुढे याच कामात कोरियन माणसं आली. २०२०च्या ‘मिनारी’ चित्रपटातलं जोडपं आर्कान्सामध्ये दिवसभर हेच करत बसलेलं दिसतं आणि धुरांड्यातून निघणाऱ्या धुराचा अर्थ बाप आपल्या लहान मुलाला सांगतो.

धूर नर पिल्लांचा. हे मला टाळून पुढे जाता येणार नाही. आजीच्या परड्यात कोंबडा ओळखू यायचा तोवर तो दोन-तीन महिन्यांचा झालेला असायचा. तेवढे दिवस त्याने शेणकीवर उकरलेलं असायचं, वाळवी वेचलेली असायची, बहिणींशी भांडलेलं असायचं. मग कुणी राखणदाराला जायचा, कुणी नवसाला, कुणी जावई आला की वड्यांबरोबर. ओळख उशिरा पटायची, म्हणून त्याला आयुष्य मिळायचं. मासुईंच्या शोधाने ओळख पहिल्याच दिवशी पटू लागली आणि अंड्यांच्या जातीच्या नराला, जो अंडी देत नाही आणि अंगानेही भरत नाही, दुसरा दिवस उरला नाही. जगभरात वर्षाला सहाशे-सातशे कोटी नर पिल्लं अशी मारली जातात असा अंदाज आहे. जर्मनीने जानेवारी २०२२पासून यावर बंदी घातली. तिथे आता अंड्यात असतानाच तपासणी होते.

आपल्याकडे त्यांतली काही पिल्लं रंगाच्या पाण्यात बुडवून जत्रेत येतात.

हे कळलं त्या दिवशी मी हिशेब केला. पाच पिल्लं योगायोगाने पाचही नर निघण्याची शक्यता बत्तीसांत एक. आजीचं नशीब फुटकं नव्हतं, तिचा हातही चुकला नव्हता. पाटीत तलंग नव्हतीच. पिल्लं आमच्या डालग्यात येण्याआधी त्यांच्याकडे कुणीतरी पाहून झालं होतं. आजी तेव्हा नव्हती, नाहीतर तिला हे सांगण्यासाठी मी रात्रीच्या गाडीने गावी गेले असते.

आता मीच गावी असते. शहरातल्या भाच्या फोनवर पिल्लांचे पंख पसरून फोटो पाठवतात आणि विचारतात, लांब पिसं म्हणजे तलंग ना? ती खूण खरी आहे, पण ज्या जातींत पिसं लवकर-उशिरा फुटण्याचा गुण मुद्दाम जोडीने बसवलाय तिथेच. गावठी पिल्लात ती फसवते. गावठीत थांबावं लागतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात कोंब्याचा तुरा लाल होऊ लागतो, कल्ले उतरतात, उभं राहणं बदलतं. तुरा बसका असला तर तोही फसवतो. दहाव्या-बाराव्या आठवड्यात मात्र मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी बघावं: कोंब्याची पिसं तिथे लांब, टोकदार आणि चकचकीत, तलंगेची टोकाला गोल. टोकदार आणि गोल हे आजीचे शब्द बरोबरच होते, फक्त ते अंड्याला लावायचे नव्हते.

आणि कधी कधी ओळखूनही संपत नाही. आरवणारी कोंबडी अशुभ म्हणून वाडीत तिची मान लगेच मुरगळत. कोंबडीचा डावाच अंडाशय काम करतो. तो आजाराने गेला तर उजवीकडचा निजलेला अवयव जागा होऊन नराकडे झुकू शकतो, मग तुरा वाढतो आणि ती आरवते. १९२३ मध्ये एडिनबरोचे शास्त्रज्ञ क्रू यांनी एका ऑर्पिंग्टन कोंबडीची हकिकत छापली: आधी तिने अंडी दिली होती, नंतर ती पिल्लांचा बाप झाली. अशुभ काही नव्हतं, बिचारी आजारी होती.

यंदाच्या रवणीत अकरांपैकी दहा निघाली. अंडी मी निवडली नाहीत, हाताला लागली तशी घातली. आज अकरावा आठवडा. चार कोंबे, पाच तलंगा. दहावं, मानेवर तांबूस झाक असलेलं, सकाळपासून पेरूच्या बुंध्याशी उकरतंय आणि मी डालग्यापाशी उकिडवी बसून त्याची मान बघतेय.