बाळसे आणि साखर

बाळंतपणाची वार्ता आली की मुलगा की मुलगी, यानंतरचा प्रश्न बाळाच्या वजनाचा असतो. मूल भारी म्हणजे बळकट, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. वैद्यकाच्या इतिहासाने मात्र ते मोडीत काढले आहे.

१८२४ साली बर्लिन येथे हाइनरिख बेनेविट्झ याने आपल्या प्रबंधात एका गर्भवतीची हकीकत नोंदविली. तिची तहान भागत नसे, लघवीतून साखर जात असे. मूल १२ पौंडांचे झाले, पण जगले नाही. बाळंतपणानंतर आईची साखर नाहीशी झाली. १८८२ साली लंडनच्या मॅथ्यूज डंकन यांनी मधुमेही मातांच्या २२ गरोदरपणांचा आढावा घेतला. त्यात आया आणि मुले, दोहोंचे मृत्यू पुष्कळ होते. १९२१ साली टोरांटोत इन्शुलिनचा शोध लागला आणि आया वाचू लागल्या. मुले मात्र दगावतच राहिली.

असे का व्हावे? १९५०च्या दशकात कोपनहेगनच्या योर्गेन पेडरसन यांनी याचा उलगडा केला. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचे इन्शुलिन जात नाही. मग बाळाचे स्वादुपिंडच जादा इन्शुलिन करते आणि त्या साखरेची चरबी होते. हे बाळसे खरे नव्हे. जन्मताना अशा बाळाचा खांदा अडकतो. नाळ कापताच साखर बंद होते, इन्शुलिन तेवढेच राहते, आणि बाळाची साखर धोकादायक उतरते. आईला रक्तदाब वाढण्याचे भय असते आणि पुढे कायमचा मधुमेह जडण्याचेही.

घरोघरी दोष दिला जातो तो आईच्या गोड खाण्याला. वस्तुतः वारेतील संप्रेरकेच इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात. आहार सांभाळावाच, पण सुनेला बोल लावून साखर उतरत नाही.

हलके वजनही फसवे असते. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात आढळले, की तेथील बाळे इंग्लंडमधील बाळांहून पुष्कळ हलकी, पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. तेव्हा तराजूवर विसंबू नये, रक्त तपासावे.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूती-लाभाच्या विधेयकाची बाजू मांडली आणि १९२९ साली कायदा झाला. कामकरी स्त्रीच्या बाळंतपणाशी समाजाचा संबंध आहे, हे तेव्हाच मान्य झाले. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुरस्कारिलेली तपासणी याच न्यायाने आम्हांला मोलाची वाटते. पोट रिकामे असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावे व दोन तासांनी रक्त द्यावे; साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक भरली तर उपचार सुरू करावेत. २०१४ साली केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही हीच पद्धत आली.

उपाशी राहणे नाही, दुसरा हेलपाटा नाही. राहिले ते दोन तास. रोजंदारीच्या बाईला त्या दोन तासांपायी खाडा पडतो आणि मजुरी बुडते. शास्त्राने दोनशे वर्षे खपून आपले काम केले. ते दोन तास भरपगारी मिळवून देणे हे आता आपले काम आहे.