खान्देश ते पुणे: 400 किलोमीटर आणि एक रेंज

खान्देशातल्या पोरांच्या शिक्षणाचा इतिहास आज आपण एकाच मापानं मोजू. अंतराच्या.

1990 च्या आधी जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. जळगाव ते पुणे, सुमारे 400 किलोमीटर. मार्कशीटवर नाव चुकलं, की अर्ज पोस्टात टाकून वाट बघा, नाहीतर रातराणी धरा. एका सही-शिक्क्यासाठी! 15 ऑगस्ट 1990 ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं आणि हा फेरा सुटला. 2018 मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, जिच्या ओव्या मुलानं लिहून ठेवल्या म्हणून उरल्या, तिचं नाव आज डिग्रीवर छापतात. मला हे भारी वाटतं.

आता गंमत बघा. बरोबर पाच वर्षांनी, 15 ऑगस्ट 1995 ला, व्हीएसएनएलनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. आपल्याकडे ते पोचायला वेळ लागला. आणि पोचलं तेव्हा ते शिकवायला नव्हतंच आलं, बरं का. ते आलं निकाल आणि फॉर्म घेऊन. दहावी-बारावीच्या निकालाला सायबर कॅफेत गर्दी, एकाच्या कॉम्प्युटरवर दहा डोकी वाकलेली. शिकवणारे सर मात्र वर्गातच होते.

शिकवणं फोनमध्ये आलं ते स्वस्त डेटानंतर. जिओ सुरू झालं 5 सप्टेंबर 2016 ला, म्हणजे शिक्षक दिनीच! एमपीएससीसाठी पुण्यात खोली, मेस, क्लासची फी, हे ज्या शेतकऱ्याच्या घराला झेपत नव्हतं, तिथली मुलगी चोपड्यात बसून तेच लेक्चर ऐकू लागली. ऐकून शंका विचारायची कुणाला, हा प्रश्न उरलाच. त्याच सुमारास धुळे जिल्ह्यात हर्षल विभांडिक यांनी गावोगाव फिरून जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करायची मोहीम चालवली. गावकऱ्यांनी त्यासाठी वर्गणी काढली. सरकारी योजनेची वाट न बघता शाळेत पडदा लावणारी गावं, याची नोंद इतिहासात व्हायला हवी.

मग आलं 2020. शाळा बंद, वर्ग व्हॉट्सॲपवर. घरात फोन एक, तोही बापाच्या खिशात, आणि बाप शेतात. 28 ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी नाही. राज्यभर परीक्षा ऑनलाइनही झाल्या. जळगाव शहरातल्या पोराला परीक्षा हातावर आली. पण 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या, आता नंदुरबारच्या, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंजच नव्हती. त्यांना टेकडी चढावी लागली. पुण्याचे 400 किलोमीटर मिटले होते, टेकडी तेवढी राहिली होती.