मोहल्ला समिती

धार्मिक दंगली टाळण्यासाठी पोलीस व वस्तीतले रहिवासी यांना नियमित एकत्र बसवणारी स्थानिक यंत्रणा. तिचा ठळक प्रयोग ठाणे जिल्ह्यातील भिवंडीत झाला. यंत्रमागांच्या या गावाने १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली सोसल्या होत्या. १९७० च्या दंगलीची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत हिंदू-मुस्लिम रहिवाशांच्या समित्या उभारल्या. नळावरची, जागेची भांडणे तिथेच मिटू लागली. किरकोळ कुरबुरीला धर्माचा रंग चढण्याआधीच ती सोडवणे, हे या पद्धतीचे खरे मर्म होय. १९९२-९३ च्या दंगलींत मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली. पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो व सतीश साहनी आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे तिच्याशी निगडित होते.

अशाच उद्देशाने नवी मुंबईसारख्या शहरांत सणांपूर्वी पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका होतात. सणांच्या वेळी असा समंजसपणा दिसतोही: अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद २०२३ मध्ये एकाच दिवशी आल्या. मुंबईतील मुस्लिम समाजाने जुलूस पुढे ढकलला आणि शासनाने ईदची सुट्टी २९ सप्टेंबरला नेली. मात्र अधिकाऱ्याची बदली झाली की मोहल्ला समित्या मरगळतात, हा त्यांचा गंभीर दोष आहे.