हरवलेलं सोनं ऐकणारं यंत्र

मेटल डिटेक्टर म्हटलं की आपल्याला दर्शनाच्या रांगेतली नाहीतर रेल्वे स्थानकाच्या दारातली चौकट आठवते. ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर ओरडते आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. तिच्याच घराण्यातलं दुसरं यंत्र म्हणजे लांब दांडा, त्याच्या टोकाला गोल चकती आणि ऐकणाऱ्याच्या कानाला हेडफोन. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातल्या किनाऱ्यांवर ते घेऊन फिरणारी हौशी मंडळी पुष्कळ. त्यांतल्या काहींनी दुसऱ्याचा हरवलेला दागिना शोधून देण्याचं काम अंगावर घेतलं. व्हँकुव्हरच्या अशाच एका शोधकाने २००९ साली ‘द रिंग फाइंडर्स’ नावाची सूची सुरू केली. अंगठी हरवलेल्या माणसाला आपल्या भागातला शोधक तिच्यातून मिळतो. सापडलं तर मनाला येईल ते द्या, असा यांतल्या अनेकांचा व्यवहार असतो.

काम नवं वाटतं, पण या यंत्राची पहिली गाजलेली मोहीमही दुसऱ्यासाठीच होती. आणि ती फसली होती.

डेव्हिड ह्यूज या संशोधकाने १८७९ मध्ये लंडनमध्ये एक उपकरण दाखवलं. तारेची वेटोळी अशा जोड्यांनी मांडायची की त्यांचा परिणाम एकमेकांना पुसून टाकेल आणि टेलिफोनच्या कर्ण्यात शांतता राहील. एका जोडीजवळ धातू आला की तोल बिघडतो आणि कर्णा बोलू लागतो. ह्यूज त्यावर नाण्यांची पारख करून दाखवी.

दोन वर्षांनी, २ जुलै १८८१ रोजी, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळी झाडली गेली. पाठीतून शिरलेली गोळी शरीरात कुठे थांबली, ते कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून १४ वर्षं होती. डॉक्टर जखमेत न धुतलेली बोटं आणि सळया घालून चाचपत होते. तेव्हा टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल पुढे आला. सहकारी समनर टेंटर याच्यासोबत त्याने ह्यूजचं तत्त्व वापरून गोळी शोधणारं यंत्र जुळवलं आणि यादवी युद्धातल्या गोळ्या अजून अंगात बाळगणाऱ्या जुन्या सैनिकांवर ते तपासून पाहिलं. यंत्र चालत होतं.

२६ जुलै आणि १ ऑगस्ट अशा दोन वेळा बेलने व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या अंगावरून ते फिरवलं. पहिल्या वेळी जोडणीत चूक होती. दुसऱ्या वेळी कर्ण्यात आवाज आला, पण तो एका जागी ठरेना, सगळीकडून क्षीण येत राहिला. गादीखाली पोलादी तारांची जाळी होती, हे नंतर उघड झालं. त्याहून मोठी अडचण होती मुख्य डॉक्टर विलर्ड ब्लिस यांची. गोळी उजव्या बाजूला आहे असं ते सांगून बसले होते आणि बेलला त्यांनी उजवीच बाजू तपासू दिली. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डाव्या बाजूला निघाली.

माझ्या मते या यंत्राच्या साऱ्या इतिहासात याहून कामाचा प्रसंग नाही. अंगठी शोधायला निघालेला आजचा जाणता शोधक यंत्र सुरू करण्याआधी प्रश्न विचारतो, तो याचसाठी. अंगठी कुठल्या बोटात होती? पाणी कमरेपर्यंत होतं की गुडघ्यापर्यंत? चेंडू फेकत होता की अंगाला क्रीम चोळत होता? भरती होती की ओहोटी? गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि सैल अंगठी निसटते. कुणी ती काढून बुटात ठेवतो आणि निघताना बूट झटकतो. मालक ठामपणे ‘इथेच’ म्हणतो, तेव्हा ते ‘इथेच’ दहा पावलं सरकवून पाहावं लागतं.

बेलनंतर यंत्र बराच काळ बाजूला पडलं. गेरहार्ड फिशर हा जर्मनीतून अमेरिकेत आलेला अभियंता विमानांना रेडिओने दिशा दाखवणाऱ्या उपकरणांवर काम करत होता. जमिनीत धातूचं खनिज असलं की दिशा चुकते, हे लक्षात येताच त्याने त्या चुकीचंच यंत्र केलं आणि १९३७ मध्ये पेटंट मिळवलं. पण या यंत्राला गावोगाव नेलं दुसऱ्या महायुद्धाने. योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने स्कॉटलंडमध्ये असताना सुरुंग शोधणारं, एका माणसाला वागवता येईल असं यंत्र बनवलं. वजन जवळजवळ १४ किलो. पेटंट न घेता त्याने ते ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं. राजाचं आभाराचं पत्र तेवढं मिळालं. १९४२ मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात अशी ५०० यंत्रं वापरली गेली आणि सुरुंग काढण्याचा वेग साधारण दुप्पट झाला, असं मानतात. युद्ध संपलं, सैन्याने उरलेली यंत्रं विकली, ती हौशी लोकांनी घेतली. पुढे ट्रान्झिस्टरने वजन उतरवलं.

सोन्याला चुंबक चिकटत नाही. म्हणून नदीच्या पुलावरून दोरीला चुंबक बांधून नाणी काढणाऱ्या पोरांच्या हाती सोनं लागत नाही. हे यंत्र मात्र सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतं, त्याने धातूत भोवऱ्यासारखे छोटे विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि त्यांचा प्रतिसाद वरचं वेटोळं टिपतं. सबंध कड्याची अंगठी त्यामुळे छान बोलते. तुटलेली कमी बोलते. नाजूक साखळी जवळजवळ मुकी, कारण यंत्राला ती सलग न दिसता सुटी सुटी कडी दिसतात. पोतीचं मंगळसूत्र वाळूत पडलं तर काळे मणी गप्प राहतात, वाट्या बोलतात. सोन्याच्या अंगठीचा आवाज शीतपेयाच्या डब्याच्या जुन्या, ओढून काढायच्या अॅल्युमिनियमच्या कडीशी इतका मिळताजुळता असतो की कचरा गाळायची सोय चालू केली तर अंगठीही गाळली जाते. खाऱ्या ओल्या वाळूतून वीज वाहते, तिथे साधं यंत्र उगाच किंचाळतं. त्यासाठी वेगळ्या, स्पंदनं सोडणाऱ्या जातीचं यंत्र लागतं.

दुसऱ्यासाठी शोधताना काय काय हाती लागू शकतं, याचा नमुना इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातलं हॉक्सन. १९९२ च्या नोव्हेंबरात एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याचा मित्र एरिक लॉज डिटेक्टर घेऊन ती शोधायला गेला आणि त्याला रोमन काळातल्या पुरलेल्या पेटीतली सोन्या-चांदीची सुमारे १५ हजार नाणी, चमचे आणि सोन्याचे दागिने लागले. लॉजने सगळं उकरून काढलं नाही. हात थांबवले आणि कळवून टाकलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना ठेवा जागच्या जागी अभ्यासता आला. त्याला साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस मिळालं आणि ते त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडीही सापडली. तीसुद्धा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

मातीतून दुसऱ्याचं सोनं वेचणं आपल्याकडे नवं नाही. सोनाराच्या दुकानातली राख-माती धुऊन कण काढणारे झारेकरी इथे पिढ्यान्‌पिढ्या होते. पण जमिनीतलं सोनं म्हटलं की आपलं मन आधी गुप्तधनाकडे धावतं, इतकं की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यापायी होणाऱ्या अघोरी प्रकारांची दखल घ्यावी लागली. जमिनीत दडवलेलं, १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, हा १८७८ चा कायदाही आहे.

हरवलेल्या अंगठीची गोष्ट निराळी, तिला मालक असतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ४०३ व्या कलमाखाली एक उदाहरण होतं: कुणाला मौल्यवान अंगठी सापडते, मालक माहीत नाही, शोधायचा प्रयत्न न करता तो ती लगेच विकतो. तो गुन्हेगार. आता तेच भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमात आहे. उलट बाजूने, १८७२ च्या करार कायद्याचं १६८ वं कलम म्हणतं की मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल, तर ते मिळेपर्यंत शोधणारा वस्तू आपल्याकडे ठेवू शकतो आणि बक्षिसासाठी दावाही लावू शकतो. तेव्हा किनाऱ्यावर काही पडलं, तर दहा जणांना वाळू उकरायला लावू नका, जागेचा चारी बाजूंनी फोटो काढा, भरतीची वेळ लिहून ठेवा आणि बक्षिसाचा आकडा द्यायची तयारी असेल तेवढाच सांगा.