तारेचा ताप आणि ओहममधील चूक

मोहर्लीहून ताडोब्याच्या जंगलात शिरण्याआधी इरई धरणाचे विस्तीर्ण पाणी दृष्टीस पडते. हे पाणी चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राला लागते. आणि चंद्रपूरची वीज १९९९ पासून ७५२ किलोमीटर लांबीच्या एकदिश प्रवाहाच्या तारमार्गाने ठाणे जिल्ह्यातील पडघ्याला जाते. पूर्ण भार १५०० मेगावॉट, धन व ऋण तारांमधला दाब दहा लक्ष व्होल्ट. म्हणजे प्रवाह झाला १५०० अँपिअर. एवढ्या प्रवासात काही वीज नुसती तारा तापविण्यात खर्ची पडणारच. समजा, हा वाटखर्च ३६ मेगावॉट भरला. तर तारांचा रोध किती? ३६० लाख वॉटला १५०० च्या वर्गाने, म्हणजे साडेबावीस लाखांनी भागा. उत्तर १६ ओहम.

कोणी म्हणेल, हे तर शाळकरी गणित. आहेच. पण या भागाकारापायी एका माणसाच्या साऱ्या आयुष्याचे काम पणाला लागले होते, ते ऐकण्यासारखे आहे.

दाब, प्रवाह आणि रोध यांचे नाते जर्मनीत ओहमने १८२७ साली मांडले. उष्णतेचा हिशेब मात्र राहिला होता. तो केला सॅल्फर्डच्या एका बिअर-कारखानदाराच्या मुलाने, जेम्स जूलने, १८४० साली, बाविशीच्या उंबरठ्यावर असताना. तारेचे वेटोळे पाण्यात बुडवायचे, प्रवाह सोडायचा आणि थर्मामीटर पाहत बसायचे! प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट होते, आणि रोध वाढेल त्या प्रमाणात तीही वाढते, हे त्याला आढळले.

पुढे जूलने पाणी घुसळून, केवळ घर्षणाने, उष्णतेचे मोल ठरविले: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविण्यास ७७२ फूट-पौंड श्रम लागतात. १८६७ साली त्याने तेच मोल विजेच्या उष्णतेवरून काढून पाहिले. या वेळी रोध मोजायला ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने ठरविलेला नवा ओहम होता. उत्तर आले ७८३!

आता चूक कोणाची? एका बाजूला जूलचा घुसळलेला हंडा, दुसऱ्या बाजूला थॉमसन आणि मॅक्सवेल ज्या समितीत होते तिचा ओहम. साठीकडे झुकलेल्या जूलने वाद घातला नाही. तो पुन्हा पाणी घुसळायला बसला. १८७८ साली त्याने आकडा प्रसिद्ध केला: ७७२.५५.

मग केंब्रिजमध्ये रॅलेने १८८१-८२ च्या सुमारास ओहम नव्याने तपासला. समितीचा ओहम खऱ्यापेक्षा सुमारे १.३ टक्क्यांनी लहान निघाला. तारेचा रोध होता त्याहून जास्त धरला गेला, म्हणून हिशेबात विजेचा खर्चही जास्त दिसला. ७८३ आले ते त्यामुळे. तारेच्या तापाने मापाचीच चूक पकडली होती.

१.३ टक्के म्हणजे किती? तो जुना ओहम घेऊन आपल्या चंद्रपूर-पडघे तारांचा रोध मोजला असता, तर वाटखर्चाच्या हिशेबात सुमारे पाच लाख वॉटचा घोटाळा झाला असता.