चुंबकीय परिबल, असंगत
इलेक्ट्रॉन व म्यूऑन या मूलकणांना विद्युत् भार व परिवलन असल्यामुळे त्यांच्या अंगी सूक्ष्म चुंबकाचे गुणधर्म असतात. या चुंबकीय परिबलाचे परिवलनाशी असलेले प्रमाण ‘जी’ या गुणकाने दर्शवितात. पी. ए. एम. डिरॅक यांच्या १९२८ मधील समीकरणानुसार जी चे मूल्य बरोबर २ येते. प्रत्यक्षातील मूल्य याहून किंचित अधिक असते. या आधिक्याच्या निम्म्या राशीस असंगती म्हणतात. तिचे गणन हे पुंज विद्युत् गतिकीच्या विश्वसनीयतेची सर्वांत कठोर कसोटी ठरले आहे.

१९४७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जे. ई. नेफ, ई. बी. नेल्सन व आय. आय. राबी यांनी हायड्रोजन व ड्यूटेरियम यांच्या वर्णपटांतील अतिसूक्ष्म संरचनेचे मापन केले. ते अपेक्षित मूल्याहून सु. पाव टक्क्याने अधिक भरले. इलेक्ट्रॉनाचे परिबलच डिरॅक यांच्या मूल्याहून मोठे असावे, अशी सूचना जी. ब्राइट यांनी केली आणि पी. कुश व एच. एम. फोली यांच्या प्रयोगांनी तिला पुष्टी मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस जे. श्विंगर यांनी असंगतीचे पहिले गणन केले. इलेक्ट्रॉन एक आभासी फोटॉन उत्सर्जित करून पुन्हा शोषून घेतो. या मधल्या अल्पावधीत बाह्य चुंबकीय क्षेत्राला त्याचा प्रतिसाद बदलतो. या क्रियेमुळे येणारी शुद्धी सूक्ष्म संरचना स्थिरांकास (सु. १/१३७) २ पाय या संख्येने भागून मिळते. तिचे मूल्य सु. ०.००११६ असून ते प्रयोगाशी उत्तम जुळले.

दोन आभासी फोटॉनांचा समावेश असलेले पुढील पद मिळविण्यास सात फाइनमन आकृत्यांचे गणन करावे लागते. आर. कार्प्लस व एन. एम. क्रोल यांनी १९५० मध्ये हे पद काढले. त्याचा सहगुणक −२.९७३ असल्याचे त्यांनी जाहीर केले. त्यावरून असंगती ०.००११४५ येत होती. १९५२ मध्ये एस. एच. कीनिग, ए. जी. प्रॉडेल व कुश यांच्या प्रयोगात ती ०.००११४६ मिळाली. हे साम्य इतके समाधानकारक होते की, गणन पुन्हा तपासण्याची निकड कोणास भासली नाही. मात्र ते फसवे होते. १९५६ मध्ये पी. फ्रँकेन व एस. लीब्स यांच्या मापनाने प्रायोगिक मूल्य वर सरकले, तेव्हा शंका निर्माण झाली. १९५७ मध्ये ए. पीटरमान आणि श्विंगर यांचे विद्यार्थी सी. एम. सॉमरफील्ड यांनी स्वतंत्रपणे दाखविले की, खरा सहगुणक −०.३२८ आहे. चूक तत्त्वात नसून आकडेमोडीत होती. अशा प्रकारे काही वर्षे चुकीचे गणन व सदोष मापन परस्परांना आधार देत राहिले.

पुढील पदांचा व्याप झपाट्याने वाढतो : तिसऱ्या पदास ७२, चौथ्यास ८९१ व पाचव्यास १२,६७२ आकृत्या लागतात. तिसऱ्या पदाचे बैजिक उत्तर एस. लापोर्ता व ई. रेमिद्दी यांनी १९९६ मध्ये पूर्ण केले. चौथे व पाचवे पद टी. किनोशिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर सांख्यिकीय पद्धतीने काढले. २०२३ मध्ये जी. गॅब्रिएल्से यांच्या गटाने एकच इलेक्ट्रॉन विद्युत्-चुंबकीय सापळ्यात ठेवून असंगतीचे मूल्य ०.००११५९६५२१८०५९ असे मोजले.

म्यूऑन इलेक्ट्रॉनाच्या सु. २०७ पट जड आहे. जड कणांचा प्रभाव द्रव्यमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने अज्ञात कणांच्या शोधास म्यूऑन सु. ४३,००० पट अधिक संवेदनशील ठरतो. तथापि त्याच्या असंगतीत हॅड्रॉनांचाही वाटा असतो आणि तो वरील पद्धतीने काढता येत नाही. २००१ मध्ये ब्रुकहेवन येथील मापन सिद्धांताहून वेगळे आल्याने नव्या कणांची चर्चा सुरू झाली. त्याच वर्षी एम. क्नेख्त व ए. न्यिफेलर यांनी हॅड्रॉनांमार्फत होणाऱ्या प्रकाश-प्रकाश प्रकीर्णनाच्या पदाचे प्रमुख चिन्ह उलटे असल्याचे दाखविले. दोन निरनिराळ्या गटांच्या गणनांत तीच चूक होती. एम. हायाकावा व किनोशिता यांना ती संगणक कार्यक्रमातील चिन्हसंकेतात आढळली व त्यांनी ती प्रकट कबूल केली. त्यामुळे तफावत बरीच कमी झाली.

फर्मी प्रयोगशाळेचे २०२१ चे मापन ब्रुकहेवनशी जुळले व तफावत पुन्हा ठळक झाली. मात्र त्याच वर्षी जालक पद्धतीने केलेल्या गणनातून हॅड्रॉनांचा वाटा मोठा मिळाला. २०२३ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथील इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींचे मापनही आधीच्या मापनांशी विसंगत निघाले. २०२५ मध्ये फर्मी प्रयोगशाळेने ०.००११६५९२०७०५ हे अंतिम मूल्य दिले. त्याच वर्षी ठरविलेले सैद्धांतिक मूल्य ०.००११६५९२०३३ असून ते प्रयोगाशी सुसंगत आहे. परंतु त्यातील अनिश्चितता प्रयोगाच्या सु. चौपट आहे. या मूल्यात हॅड्रॉनांच्या मुख्य वाट्यासाठी केवळ जालक गणने वापरली आहेत. टकरींची मापने परस्परांशी जुळत नसल्याने ती वगळण्यात आली असून त्यांच्यातील विरोधाचे कारण अद्याप सापडलेले नाही.