कोलारचे सोने आणि सौरघटाची चांदी

म्हैसूर दरबाराने शिवनसमुद्रम् येथे कावेरीच्या धबधब्यावर वीजकेंद्र बांधण्याचे मनावर घेतले, ते प्रजेची घरे उजळावीत म्हणून नव्हे, तर कोलारच्या सोन्याच्या खाणींतील यंत्रे चालावीत म्हणून. आणि दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत आखलेली ही योजना 1902 साली तडीस जाऊन सुमारे 147 किलोमीटर दूरच्या खाणींत वीज पोहोचली, तेव्हा खुद्द बेंगळुरूचे रस्ते अंधारातच होते. शहराची पाळी 1905 साली आली. सोन्यापायी वीज आली, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण पुढे विजेपायी सोने खर्ची घालण्याची वेळ आली.

टाटांची देणगी आणि दरबाराने दिलेली जमीन यांवर 1909 साली उभ्या राहिलेल्या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आज पेरोव्हस्काइट सौरघटांवरही संशोधन चालते. उरल पर्वतातील मूळ पेरोव्हस्काइट खनिजाचे वर्णन गुस्ताव रोझे या जर्मन पंडिताने 1839 साली केले. घटातील द्रव्य स्फटिकरचनेने त्याचेच सगोत्र, परंतु बहुधा शिसे व आयोडीन यांपासून घडविलेले. योगायोग असा, की त्याच वर्षी पॅरिस येथे दागेरची छायाचित्रणाची कृती जाहीर झाली, आणि तिचा आरंभच मुळी चांदीच्या लखलखीत पृष्ठभागाला आयोडीनची वाफ देण्यापासून होता. दागेरने जो संयोग हेतुपुरस्सर घडविला, तोच या घटांच्या मुळावर आला.

2009 साली जपानात झालेल्या पहिल्या पेरोव्हस्काइट घटाची कार्यक्षमता 3.8 टक्के होती, आणि त्यातील द्रवच पेरोव्हस्काइटाला विरघळवून टाकी. 2012 साली द्रवाची जागा घन थराने घेतली, त्यावर चांदीसारख्या धातूचा विद्युदग्र चढला, आणि संकटाने नुसते ठाणे बदलले. निर्वात पात्रात वाफेच्या रूपाने बसविलेला चांदीचा हा थर जेमतेम 100 नॅनोमीटर जाडीचा असतो. खालच्या थरातील सूक्ष्म छिद्रांतून हवेतील दमटपणा आत शिरतो, पेरोव्हस्काइटाचे विघटन होते, सुटलेली आयोडीनची संयुगे त्याच वाटांनी वर येतात, आणि आरशासारखी चांदी सिल्व्हर आयोडाइड होऊन पिवळी पडते. ओकिनावा येथील संशोधकांनी 2015 साली हा सारा मार्ग उलगडून दाखविला.

मग सोने वापरावे, असे कोणीही म्हणेल. परंतु लोझान येथे 2016 साली असे आढळले, की घट 70 अंशांपर्यंत तापला म्हणजे सोन्याचे अणूच थर ओलांडून पेरोव्हस्काइटात उतरतात. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात छपरावरच्या पटलाला तेवढे तापणे मुळीच जड नाही. शिवाय सोन्याची किंमत! कोलारच्या खाणी तीन किलोमीटरांहून खोल जाऊन अखेर 2001 साली तोट्यापायी बंद पडल्या, त्या मुलखाला तरी हे सांगण्याचे कारण नाही.

वूहान येथील संशोधकांनी धातूचा नादच सोडून 2014 साली कर्बाचा विद्युदग्र योजिला. त्यांच्या घटाची कार्यक्षमता 12.8 टक्के, म्हणजे त्या काळच्या उच्चांकाहून बरीच कमी होती. पण उघड्या हवेत, पूर्ण प्रकाशात तो 1000 तासांवर टिकला, आणि माझ्या मते या सबंध दप्तरात हीच नोंद सर्वांत वजनदार आहे.